पेन्सिल लागते तिथे उजेड

शुभदाने नीलाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तिच्याच कागदाच्या कोपऱ्यात एक लहानसा लंबगोल चेहरा काढला.

“उजेड कुठून येतोय?”

नीलाने डाव्या हाताच्या खिडकीकडे बोट केलं.

“मग कुठला गाल उजळ दिसेल?”

“ये वाला,” असं म्हणून नीलाने आपल्या खिडकीकडच्या गालाला हात लावला.

उत्तर बरोबर होतं. चित्रात मात्र नेमका तोच गाल तिने पेन्सिलीने भरून काळा केला होता आणि सावलीतला गाल कोरा सोडला होता. केस कोरे होते. डोळ्यांतला पांढरा भाग काळा होता आणि बुबुळं पांढरी. शुभदाने कोपऱ्यातल्या चेहऱ्यावर चार रेघांत सावली देऊन दाखवली, पेन्सिल परत केली आणि ती पुढच्या बाकाकडे गेली. एका मुलीपाशी दोन मिनिटांहून जास्त थांबायचं नाही, असा तिचा शिरस्ता होता.

दहावी ‘ब’च्या अडतीस मुली त्या दिवशी घरून आरसे घेऊन आल्या होत्या. कुणाकडे कंपासपेटीत मावेल एवढा आरसा होता, कुणी आईच्या पावडरच्या डबीचं झाकण आणलं होतं, एकीने तर वडिलांचा दाढीचा आरसा स्टँडसकट उचलून आणला होता. या तासासाठी शुभदाने मोठ्या बहनजींशी, म्हणजे मुख्याध्यापिकांशी, दोन महिने वाद घातला होता. मुली तासभर आरशात बघत बसणार, याला शिक्षण म्हणायचं का, असा मोठ्या बहनजींचा सवाल होता. शेवटी दार लावून घ्यायचं आणि कुणीही केसांना हात लावायचा नाही, या अटींवर परवानगी मिळाली. १९७८ सालचा नोव्हेंबर होता आणि डिसेंबरच्या प्रदर्शनात स्वतःच्या चेहऱ्यांची एक अख्खी भिंत लावायची, असं शुभदाने ठरवलं होतं.

मुंबईत चित्रकलेची पदविका घेऊन ती लग्नानंतर लखनऊला आली, त्याला दहा वर्षं झाली होती. नवरा उल्हास इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होता. गेली नऊ वर्षं ती मुलींना कमळं, सुरया आणि चौकटीच्या कोपऱ्यातली वेलबुट्टी शिकवत होती, कारण बोर्डाच्या परीक्षेला तेच येई. आपण इथे वाया जातो आहोत, असं तिला वाटे, आणि हे वाटणं तिने ठेवणीतल्या शालूसारखं जपलं होतं. अधूनमधून काढून बघायचं आणि घडी मोडू न देता पुन्हा ठेवायचं.

नीला रामटेके चौथ्या बाकावर बसे. हजेरीपटावरच्या आडनावावरून ती मराठी आहे हे शुभदाला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण दोन वर्षांत एखाद्या ‘काय गं’पलीकडे त्यांचं मराठीत बोलणं झालं नव्हतं. शहरातली मराठी मंडळी गणपतीत जमत, त्यात रामटेके कधी दिसत नसत. ते येत नाहीत असं सगळे म्हणत. त्यांना बोलवायला कुणी गेलं होतं का, हे कुणी विचारत नसे, आणि शुभदानेही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नीलाने नव्या कागदावर नवा चेहरा काढला. तो पहिल्यासारखाच उलटा होता, फक्त आता पूर्ण झालेला होता. शुभदा मागून आली आणि तिच्या शिरस्त्याप्रमाणे रागावणार, एवढ्यात थांबली. दोन मिनिटं झाली, चार झाली. चित्रात एकही रेघ नव्हती. सगळा चेहरा सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी भरला होता. ठिपके कुठे दाट होते, कुठे विरळ, आणि त्यांच्यामधून गालाचं हाड, नाकाचा शेंडा, खालच्या ओठाची गोलाई अशी वर आली होती की बोटाला लागेल. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची ती मुलगी कागदातून सरळ बघत होती. तिच्याकडे बघून शुभदाला भीती वाटली, आणि लगेच हेवा वाटला. गेल्या दहा वर्षांत तिने स्वतः असं काही काढलं नव्हतं. मुंबईत काढलं होतं का, तेही तिला आठवेना.

“तू सावलीत पेन्सिल का लावत नाहीस?” तिने हळूच विचारलं.

नीलाला प्रश्नच कळला नाही. “जहाँ पेंसिल लगाओ, वहीं तो उजला होता है, बहनजी,” ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मग तिने आरसा पालथा घातला आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

शुभदाने ते चित्र घरी नेलं. जेवायच्या टेबलावर ठेवून ती त्याच्याभोवती फिरत राहिली. उल्हासला चित्रांतलं काही कळत नसे आणि तो तसं मोकळेपणाने कबूल करी. त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद बघितला आणि ही निगेटिव्ह आहे, असं ताट वाढून घेता घेता सांगून टाकलं. त्यांच्या प्रयोगशाळेत पानांचे फोटो धुतात तेव्हा काच हुबेहूब अशी दिसते, पान पांढरं आणि उजेड काळा. मग त्याने भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. शुभदा मटकन खुर्चीत बसली. इतकी सोपी गोष्ट आपल्याला आठवडाभर दिसू नये, याचं तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने नीलाला थांबवून घेतलं आणि थेट विचारलं, निगेटिव्हवर काम तू कुठे करतेस. नीला आधी नाही म्हणाली, मग रडली, आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. बाबा अमीनाबादमध्ये फोटोच्या दुकानात रिटचिंग करतात. गिऱ्हाइकाच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने ठिपके देत गेलं की छापताना तिथला डाग जातो, सुरकुती जाते, चेहरा उजळतो. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, जाड भिंगं आली, पण बारीक दिसणं गेलं ते गेलंच. तेव्हापासून बाबा निगेटिव्हची पाकिटं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणतात आणि शाळेच्या आधी खिडकीशी बसून नीला काम करते. दुकानात हे कुणालाच माहीत नाही. बोलताना तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

नीलाने घरी सांगितलं असावं, दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. श्रीपत रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे, सैन्यात फोटोग्राफर होते आणि छावणीतून निवृत्त झाल्यावर लखनऊलाच राहिले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते. चित्रकलेच्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले आणि शुभदाने दोनदा म्हटल्यावर आत येऊन बाकाच्या कडेवर बसले.

“आमचे मालक रिज़वी साहेब,” ते म्हणाले. “तुमच्या शाळेचे फोटो काढायला येतात, तेच जी ते.”

रिज़वींना शुभदा ओळखत होती. दर वर्षी वर्गांचे फोटो आणि प्रदर्शनाचे फोटो तेच काढत. उंच, सावकाश बोलणारा, शेरवानीच्या खिशात लेन्स पुसायचा मऊ रुमाल ठेवणारा माणूस. श्रीपतने सांगितलं ते तिला नवं होतं. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुलींचे फोटो रिज़वींच्या दुकानात निघत. मुलीचं स्थळ ठरवायचं तर एक फोटो लागतोच. आतल्या खोलीत रिज़वींची मोठी बहीण फोटो काढी, रिज़वी स्वतः अंधारखोलीत ते धूत आणि त्यानंतर एकटा श्रीपत त्यांना हात लावी. छापून झालं की निगेटिव्हसुद्धा त्या घरी परत जाई. कुठलंही चित्र दुकानाचा उंबरा ओलांडून तिसऱ्या घरी जाणार नाही, असा शब्द रिज़वींनी त्या घरांना दिला होता. त्यांच्या वडिलांनीही दिला होता. दुकान त्या शब्दावर चालत होतं.

“आणि मी दोन वर्षं झाली, डब्याच्या पिशवीतून नेतो जी,” श्रीपत म्हणाले.

शुभदाने विचारलं, रिज़वींना सांगून टाकलं तर. श्रीपतने मान हलवली. साहेब भला माणूस आहे, पण शब्दाचा पक्का आहे. कळलं तर एक दिवस ठेवणार नाही. सैन्याच्या पेन्शनीत लखनऊची खोली निघत नाही, मग गावी मेहुण्याच्या दारात जायचं, आणि तिथे नीलाची शाळा सुटली म्हणून समजा. शुभदाने नीलाला पुढे चित्रकलेच्या कॉलेजात घालायचं म्हटलं, त्यावर ते एवढंच म्हणाले की ही नोकरी टिकली तर सगळं होईल. प्रदर्शनाला साहेब येणार. ते चित्र भिंतीवर असलं तर त्यांना क्षणात कळेल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, त्यांना कळेल.

मग त्यांनी चित्र बघायला मागितलं. शुभदाने कपाटातून काढून दिलं. श्रीपतने कागद नाकाशी धरला, तिरपा केला, खिडकीकडे नेला.

“मला नुसता धूर दिसतो जी,” ते म्हणाले. “चांगलं काढलंय का?”

“मी नऊ वर्षं शिकवतेय,” शुभदा म्हणाली. “इतकं चांगलं कुणी काढलं नाही.”

श्रीपतने कागद दोन्ही हातांनी परत दिला. “मग फाडून टाका, बाई,” ते म्हणाले. “मीच फाडलं असतं, पण माझ्याच्यानं होणार नाही.”

शुभदाने फाडते म्हणून शब्द दिला. तो देताना तिच्या मनात काही खोट नव्हती. श्रीपत गेल्यावर तिने कागद दोन्ही हातांत धरला, वरच्या कडेला चिमटीत पकडला आणि तशीच उभी राहिली. मग तिने तो कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. नीलाने विचारलं तेव्हा फाडलं म्हणून सांगितलं. भिंतीसाठी नीलाने दुसरा चेहरा काढला. शिकवल्याप्रमाणे काढला, सावलीत सावली आणि उजेडात उजेड. त्यात काही चूक नव्हती. शेजारच्या सदतीस चेहऱ्यांत तो कुणाचाही वाटला असता.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. प्रदर्शनाच्या दिवशी दहा वाजले तरी सभागृहात दिवे लावावे लागले होते. मुलींचे आईवडील आपापल्या मुलीचा चेहरा शोधत होते आणि सापडला की नाक चुकलं, रंग सावळा आला, अशा तक्रारी करत होते. मोठ्या बहनजी पाहुण्यांना कशिदाकामाच्या टेबलाकडेच नेत होत्या. बक्षीस कमळाच्या तळ्याला मिळालं. मुख्य पाहुण्या बाईंनी चेहऱ्यांच्या भिंतीसमोर उभं राहून ‘बहुत सुंदर बच्चियाँ’ असं म्हटलं, आणि त्यात चित्रांविषयी काहीच नव्हतं. शुभदाने हसून आभार मानले. तिच्या मनातून मात्र सगळं उतरलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या वर्गात काहीतरी घडलं होतं, ते कुलपात होतं, आणि ज्यांच्यासाठी भिंत लावली त्यांना ती दिसतच नव्हती.

रिज़वी एकटे चित्रं बघत होते. कॅमेऱ्याची तिवई उचलून ते एकेका चेहऱ्यासमोर थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे येत. नीलाच्या चेहऱ्यासमोर ते इतरांइतकेच थांबले. एका मुलीच्या चित्राकडे बोट करून त्यांनी शुभदाला सांगितलं की हिने संध्याकाळच्या उजेडात घरी बसून काढलंय, शाळेत नाही. ते खरं होतं. त्या मुलीने तसं कबूल केलं होतं आणि शुभदाशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं. या शहरात उजेड वाचणारा माणूस आहे, आणि तो चहा संपवून आता निघेल, असं शुभदाला त्या क्षणी वाटलं. तिला राहवेना.

नाव सांगायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. जुनं काम आहे म्हणायचं, कुणाचं ते आठवत नाही म्हणायचं. नाव नाही म्हणजे शब्द मोडत नाही, एवढा हिशेब तिने रिज़वींना बरोबर घेऊन जाताना सभागृहापासून चित्रकलेच्या खोलीपर्यंतच्या तीस पावलांत करून टाकला. कपाट उघडून तिने गठ्ठ्याखालचा कागद काढला आणि खिडकीशी उभ्या असलेल्या रिज़वींच्या हातात दिला.

रिज़वींनी रुमालाने बोटं पुसली, मग कागद धरला. त्यांनी तो तिरपा केला नाही, मागेपुढेही केला नाही. सरळ बघितला. शुभदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता हे काहीतरी म्हणतील, आणि गेल्या नऊ वर्षांत आपल्याला कुणी म्हटलं नाही असं काहीतरी म्हणतील, याची ती वाट बघत होती. रिज़वींचे ओठ एकदा हलले. मग त्यांनी कागद बाकावर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले.

“ये आपने मुझे क्यों दिखाया, बहनजी?”

जुनं काम आहे, असं शुभदा सांगू लागली. रिज़वींनी ते ऐकून घेतलं. ते रागावलेले नव्हते, फक्त एकदम म्हातारे दिसत होते.

“श्रीपत भाई का हाथ आड़ा चलता था,” ते म्हणाले. “छोटी-छोटी लकीरें। दो साल से मेरे यहाँ नुक़्ते आ रहे हैं, ऐसी ही बिंदियाँ। मैंने कभी पूछा नहीं। पूछता तो जवाब सुनना पड़ता।”

शुभदाला कळायला वेळ लागला. मग ती घाईने म्हणाली, “मैंने तो किसी का नाम नहीं लिया।”

“नाम किसको चाहिए?”

“तो आप अब भी मत पूछिए।”

“पूछ कहाँ रहा हूँ,” रिज़वी म्हणाले. “अब तो आपने बता दिया।”

त्यांनी तिला सावकाश समजावून सांगितलं, एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं. जोवर त्यांना ठाऊक नव्हतं, तोवर त्यांचा शब्द मोडला नव्हता. रोज सकाळी श्रीपत भाई पिशवी घेऊन यायचे आणि ते स्वतः मुद्दाम पाठ करून दुकानाची झडप उघडत बसायचे, दोन वर्षं. कामही सुंदर होतं, श्रीपत भाईंच्या हातापेक्षा सुंदर. पण आता बाहेरच्या माणसाने त्यांच्या हातात पुरावा ठेवला होता. आज शाळेतल्या बहनजींना माहीत आहे, उद्या आणखी कुणाला कळेल, आणि त्या घरांतली माणसं एक दिवस विचारायला आली तर मला माहीत नव्हतं, असं त्यांना आता म्हणता येणार नव्हतं.

शुभदाने हात जोडले. आपण कुणाला सांगणार नाही, चित्र आत्ता इथे फाडून टाकतो, असं ती म्हणाली. रिज़वींनी कागदाकडे पुन्हा एकदा बघितलं.

“इसे मत फाड़िए,” ते म्हणाले. “इसका क्या क़ुसूर है।”

जाताना त्यांनी अदबीने मान लववली आणि खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं. शुभदाने कागद पुन्हा कपाटात गठ्ठ्याखाली ठेवला आणि ती बाकावर बसली. चूक आपली आहे हे तिला स्वच्छ कळत होतं. त्याहून वाईट असं की, रिज़वींनी चित्र फाडू दिलं नाही याचा थोडासा आनंदही तिला झाला होता, आणि तो काही केल्या जात नव्हता.

जानेवारीत नाताळची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, पण नीला आठवडाभर आली नाही. आली ती दाखला घ्यायला. ऑफिसातलं काम संपवून ती चित्रकलेच्या खोलीत आली. शुभदा कपाटासमोर उभी राहून ब्रश पुसत होती.

नीलाने सगळं सांगितलं ते शांतपणे सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी रिज़वी साहेबांनी बाबांना, आता आराम करा, म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. दुकानातल्या सगळ्यांना बोलावून हार घातला. मग बाबांना गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवून साहेबांनी स्वतः त्यांचा फोटो काढला. तो घरी पाठवला तेव्हा त्यात बाबांच्या सगळ्या सुरकुत्या होत्या. त्याला कुणी हात लावला नव्हता. आता परवाच्या गाडीने भंडाऱ्याला जायचं होतं.

“आणि परीक्षा?” शुभदाने विचारलं. “दोन महिने तर राहिलेत. तू परीक्षेपर्यंत आमच्याकडे राहा. मी बोलते तुझ्या बाबांशी.”

“बाबा नहीं मानेंगे।”

“का?”

तिथल्या शाळेत पुढच्या वर्षी बघू, असं मामांनी लिहिलंय, एवढं तिने सांगितलं. ते बघणार नाहीत हे दोघींनाही ठाऊक होतं. शुभदाने ब्रश बरणीत ठेवला आणि पुन्हा काढला. आत्ता सांगून टाकावं, असं तिला वाटलं. वाक्य तयार होतं. मी दाखवलं, एवढे दोनच शब्द होते.

तेवढ्यात नीला मराठीत बोलली. शब्द शोधत, अडखळत बोलली.

“बाई, मला एक विचारायचं होतं. ते चित्र... तुम्ही खरंच फाडलं होतं ना? कारण मला रोज असं वाटतं की साहेबांनी ते कुठेतरी बघितलं. माझ्यामुळे झालं, असं वाटतं. बाबा काही बोलत नाहीत. पण मला झोप नाही येत.”

शुभदाने तिच्याकडे बघितलं. पंधरा वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं आलेलं.

“त्याच दिवशी फाडलं,” ती म्हणाली. “तुझे बाबा गेल्या गेल्या.”

नीलाने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ओझं उतरवून घेतलं असावं, तसा तिचा चेहरा मोकळा झाला.

“मग माझ्यामुळे नाही झालं,” ती म्हणाली.

“नाही गं. तुझ्यामुळे काहीच नाही झालं.”

हे मात्र खरं होतं, आणि ते बोलून शुभदाला जरासुद्धा बरं वाटलं नाही. नीलाने वाकून नमस्कार केला. दाराशी जाऊन ती थांबली, परत वळली, आणि पहिल्यांदाच थोडं हसली.

“असतं ना, तर मी घेऊन गेले असते बरोबर,” ती म्हणाली. “एकदाच बघितलं होतं मी नीट. चांगलं होतं ना, बाई?”

शुभदाच्या पाठीला कपाटाचं दार लागलं होतं. किल्ली त्यालाच लटकत होती.

“हो,” ती म्हणाली. “फार चांगलं होतं.”